पोचपावती

मेळघाटातल्या एका दवाखान्यात माझ्या डॉक्टर मैत्रिणीने बाळाच्या मनगटावरचा काळा दोरा कात्रीने कापला आणि तिथे सलाईनची सुई लावली. झालं ते एवढंच. बाळ दीड-दोन महिन्यांचं असावं. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती आणि शीर काही सापडत नव्हती. दुसऱ्या हाताला, दोन्ही पायांना टोचून झालेलं. शीर मिळाली ती नेमकी दोऱ्याखाली. दोरा खाली पडला, सुई आत गेली, नळीत रक्त दिसलं, वर चिकटपट्टी बसली. बाळाची आजी खाटेशेजारी उकिडवी बसली होती. तिने फरशीवरचा दोरा उचलला, त्यावर फुंकर मारली आणि उठून तो सलाईनच्या स्टँडला, बाटलीच्या जरा खाली, दोन गाठी मारून बांधला. सिस्टरांनी पाहिलं, वॉर्डबॉयने पाहिलं. कोणी काही बोललं नाही. मैत्रीण तोवर पुढच्या खाटेशी पोचली होती.

बाळ वाचलं, हे आधीच सांगून टाकते. त्याच्या जिवावर लेख लांबवायचा नाही मला. मनात अडकून राहिलं ते दुसरंच. आजीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. ज्याला आपल्या वस्तू अशा खाली पडलेल्या उचलायची सवय आहे, त्याच्या हाताला एक सराईतपणा येतो. तो तिच्या हाताला होता. संध्याकाळी क्वार्टरवर चहा पिताना मी मैत्रिणीला विचारलं, "दोरा वर सरकवता आला नसता?" ती म्हणाली, "आला असता. सुचलं नाही. चौथ्यांदा टोचत होते गं." यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. त्या पोराचा श्वास मोजत ती रात्रभर तीनदा उठून गेली, हेही मी पाहिलं.

मी तिच्याकडे गेले ते पावसाळ्यात, तेही तिच्या आग्रहावरून. "जंगल बघायला सगळे थंडीत येतात, तू माझं काम बघायला श्रावणात ये," म्हणाली. परतवाडा सोडून घाट लागला की गाडीच्या काचेवर बाहेरून ढग आणि आतून श्वास, दोन्ही साठतात. सेमाडोह, हरिसाल, मग धारणीचा रस्ता. सागाच्या पानांवर पाऊस पडला की टिनाच्या पत्र्यावर पडल्यासारखा वाजतो. वॉर्डात ओल्या घोंगड्यांचा, फिनेलचा आणि कपड्यांत मुरलेल्या चुलीच्या धुराचा असा एक मिश्र वास होता, जो घरी आल्यावरही माझ्या पिशवीला येत राहिला. हे दिवस तिथे सगळ्यात वाईट. घरातलं धान्य तळाला गेलेलं असतं, आई रोवणीला किंवा निंदणाला गेलेली असते, आणि ताप, जुलाब, न्यूमोनिया एकाच दारातून आत येतात. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या १९९३ पासून आपण वाचतोय, उच्च न्यायालयातल्या सुनावण्याही वाचतोय. त्या आकड्यांत मला भर घालायची नाही. एक गोष्ट मात्र तिथे गेल्यावरच कळते: दवाखान्यात येणारं जवळजवळ प्रत्येक पोर आधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे, जाऊन आलेलं असतं. मनगटावर, कमरेला, गळ्यात त्याची खूण असते. मैत्रिणीच्या भाषेत, "आमची पहिली ओपीडी तिकडे होते."

पुस्तकात कोरकूंचा, म्हणजे इथल्या आदिवासींचा, भूमका म्हणजे गावदेवाचा पुजारी आणि पडियार म्हणजे अंगात आल्यावर दुखण्याचं मूळ सांगणारा, अशी नीट विभागणी असते. प्रत्यक्षात ती सरमिसळ झालेली दिसते, आणि दवाखान्यातले लोक तर सरसकट सगळ्यांना भूमकाच म्हणतात. त्यातल्या एकाकडे मी एका रात्री जाऊन बसले. ज्यांचं पोर आजारी होतं त्या घरच्यांनी आणि त्याने, दोघांनी हरकत घेतली नाही म्हणून. ओसरीवर चिमणी मिणमिणत होती, सुपात दाणे होते. तो चिमटीने दाणे उचलायचा, जोड्या लावायचा, एखादा उरला की पुन्हा सुरू. मधे मधे प्रश्न. पोराची आई बाळंतपणानंतर पहिल्यांदा पाण्याला कुठे गेली होती? सासरमाहेरात कोणाशी बोलणं तुटलंय का? गेल्या होळीला काही बोललेलं राहून गेलंय का? कोरकूत चाललेलं ते सगळं शेजारी बसलेली आशाताई मला हळूच सांगत होती. पोराची आई, जी दिवसा दवाखान्यात माझ्यासमोर एक शब्द बोलली नव्हती, ती बोलायला लागली. नणंदेचं बोलली, नवरा इटारसीकडे कामाला गेलाय ते बोलली, रडली. भूमकाने घाई केली नाही. त्याला पोराच्या आजीचं नाव माहीत होतं, तिच्या मेलेल्या भावाचंही. तास-दीड तास गेला असेल. मग त्याने दोरा केला, एक कोंबडी ठरली आणि लोक उठले.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत मी घड्याळ लावून नाही, पण नुसती बघत बसले. "कधीपासून? खातो का? शी पातळ? कार्ड दाखव." पुढची. ओळ दारापर्यंत, पावसात भिजणारी. दोघांची तुलना करणं मैत्रिणीवर अन्याय करणारं आहे, हे मला कळतं. भूमकाकडे त्या रात्री एकच पोर होतं.

आणि इथेच हा लेख गोडगोड होऊ शकतो, म्हणून चटक्यांचं सांगते. तान्ह्या पोराचं पोट फुगलं, पोटावरच्या निळ्या शिरा दिसायला लागल्या की गरम केलेल्या विळ्याने किंवा लोखंडाने पोटावर डाग द्यायचे. त्याला तिकडे डंबा म्हणतात. २०२५ च्या फेब्रुवारीत २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याची बातमी आली आणि गुन्हा दाखल झाला, ते अनेकांना आठवत असेल. मी पाहिलेल्या पोराच्या पोटावर जुने, भरून आलेले डाग होते. तांदळाएवढे, गुलाबी, ओळीत. ओळीत होते हेच मला सहन झालं नाही. कोणीतरी शांतपणे, मोजून दिले होते. त्या पोराच्या आईने धरून ठेवलं असणार, आणि पोर बरं व्हावं म्हणूनच धरलं असणार.

चटके थांबले पाहिजेत. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

पण ते का टिकलेत, हे मैत्रिणीने मला कागदावर काढून दाखवलं. तान्ह्या पोरांची बरीच पोटफुगी गिळलेल्या हवेची असते, एकदोन दिवसांत आपोआप उतरते. चटका दिला, पोर रडून रडून झोपलं, सकाळी पोट मऊ. गुण आला! कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या पोराची कातडी इतकी पातळ असते की शिरा तशाही दिसतात. त्यालाही चटका, तेही पोर कधी जगतं. उरलं ते खरं आजारी पोर. न्यूमोनियात श्वास छातीने पुरेना की पोट जोरजोरात वरखाली व्हायला लागतं. आई म्हणते, पोट उडतंय. ती चूक बघत नाही, तिला दिसतं ते खरंच असतं. आजार फक्त चार बोटं वर असतो. दोन महिन्यांच्या आतल्या पोराचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरला तर त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं, हे आशाताईला शिकवलेलं असतं. पोटाकडे बघण्यात दोन दिवस गेले तर ते पोर हातचं जातं, आणि भाजलेल्या कातडीतून जंतू शिरले तर आणखीच. म्हणजे जगलेली पोरं भूमकाच्या खात्यावर आणि दवाखान्यात येऊन मेलेली डॉक्टरच्या. मैत्रीण हसली, "माझी बॅटिंगच मुळात शेवटच्या षटकात येते."

हे ऐकताना मला आमच्या घरातली नागीण आठवली. आजीच्या कमरेला उठली होती. पाणी भरलेले फोड, रात्रभर कण्हणं. डॉक्टर येऊन गोळ्या देऊन गेले. आणि त्याच संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या काकूंना बोलावणं गेलं, कारण "नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र यायच्या आत" काहीतरी करायला हवं होतं. काकूंनी गेरू उगाळला, पुटपुटत फोडांच्या भोवती रेघ ओढली, पैसे घेतले नाहीत. तो गेरूचा थंड, मातकट वास आणि आजीचं हळूहळू शांत होणं मला अजून आठवतं. नागीण दोनतीन आठवड्यांत बहुतेकांची सुकते, हे मला पुढे कळलं. कावीळ उतरवणाऱ्यांचंही तेच. गळ्यात घातलेली मुळ्यांची माळ दिवसागणिक लांबते आणि कावीळ उतरते. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची तशीही उतरते. आमच्याकडे शिकलेली, इंजिनियर झालेली माणसं ती माळ घालून ऑफिसला गेलेली मी पाहिली आहेत. त्याला कोणी मागासलेपण म्हटलं नाही. "करून बघायला काय जातं," एवढंच म्हटलं.

आणखी पुढे जाते. शहरातल्या चांगल्या, महागड्या रुग्णालयांच्या दर्शनी भागात गणपती असतो, त्याला रोज ताजा हार असतो. अतिदक्षता विभागात उशीखाली अंगाऱ्याची पुडी असते आणि नर्स चादर बदलताना ती जपून पुन्हा ठेवतात. दसऱ्याला ऑपरेशन थिएटरातल्या यंत्रांना हळदकुंकू लागतं. आणि सिझेरियन? तारीख, तास, मिनिट गुरुजींकडून येतं आणि डॉक्टर ते आपल्या वहीत लिहून घेतात. माझ्याच नात्यातल्या एका पोरीचा जन्म अशा मुहूर्तावर झालाय, आणि पेढे मीही खाल्लेत. या सगळ्याला आपण श्रद्धा म्हणतो. यातल्या कोणाचा दोरा कात्रीने कापायचा झाला तर आधी "काढलं तर चालेल ना?" असं विचारलं जातं, आणि ते विचारण्याचे पैसे बिलात धरलेले असतात. कोरकू आजीला विचारलं गेलं नाही. मैत्रीण वाईट आहे म्हणून नव्हे. तिला चौथ्यांदा टोचावं लागत होतं, आणि त्या आजीला न विचारणं ही तिथे कोणाला खटकणारी गोष्ट नव्हती. मलाही रात्री उशिरा खटकली.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा समंजस आहे, याचं मला आश्चर्य वाटलं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपण सगळे नावाने ओळखतो, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर तो आला हेही माहीत असतं. त्याची अनुसूची मी परतल्यावर वाचली. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं, असा गुन्हा तिथे मांडलाय. भर आहे रोखण्यावर. नुसता दोरा बांधून "आता दवाखान्यात ने" म्हणणारा माणूस त्या कलमात बसत नाही. चटके देणारा अर्थातच कशात ना कशात बसतो आणि बसावा.

याच विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने शोधग्राम हे आपलं आरोग्यकेंद्र उभारताना गोंड लोकांना विचारलं होतं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरं औषधाबद्दल नव्हतीच. तुमचे लोक पांढरे कपडे घालतात, पांढरं आम्ही मेलेल्याला गुंडाळतो. तुम्ही माणसाला एकट्याला आत घेता आणि घरच्यांना बाहेर काढता. तुमच्याकडे देव नाही. मग तिथल्या दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं, रोग्याला नातेवाइकांसकट राहता येईल अशा झोपड्या झाल्या, देवीची जत्रा भरायला लागली. आणि त्याच माणसांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना श्वास मोजायला, वजन करायला आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, आणि १९९९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे हे काम आहे. मला यातलं आवडतं ते असं की देवीचं नाव एका हाताला आणि इंजेक्शन दुसऱ्या हाताला, आणि दोन्हींमध्ये कोणाला ओशाळल्यासारखं झालं नाही. अर्थात हे सांगितलं की मैत्रीण वैतागते. "ती माणसं तिथे आयुष्यभर राहिली. माझी बदली पुढच्या मे महिन्यात आहे."

तिचंही खरं आहे. मेळघाटात कायम राहिलेली डॉक्टर मंडळी आहेत, पण सरकारी व्यवस्था बहुतेक येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालते. आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवनी योजनेतलं, गावोगाव फिरणारं डॉक्टरांचं भरारी पथक असतं, पोषण पुनर्वसन केंद्र असतं, तिथे चौदा दिवस राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते. तरी आई चौथ्या दिवशी पोर उचलून पळते. घरी दोन पोरं आहेत, शेळ्या आहेत, सासू रागावली आहे. आणि एक कारण कोणी मोठ्याने सांगत नाही: पोर इथे गेलं तर परत न्यायला गाडी मिळेल का? मेलेलं पोर मांडीवर घेऊन एसटीत बसलेल्या बाईच्या गोष्टी तिकडे सगळ्यांना ठाऊक असतात. दवाखान्याची भीती म्हणतात ती पुष्कळदा या प्रवासाची असते.

माझ्या मुक्कामात भूमकांची एक बैठक झाली. आजारी पोर दवाखान्यात पाठवणाऱ्या भूमकाला मानधन द्यायचं, अशी ती कल्पना. मला ती ऐकताना फारशी रुचली नव्हती, कमिशनचा वास आला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, पारलेजी, चहा. तक्त्यावर पोराचं चित्र, जोरात श्वास, ताप, दूध सोडणं. चिठ्ठी कशी द्यायची, तिच्यावर मानधन कसं मिळेल. म्हातारे, खांद्यावर पंचा टाकलेले, गंभीर चेहऱ्याने ऐकत होते. त्यातला एक तर मैत्रिणीचाच पेशंट निघाला, रक्तदाबाचा. गोळ्या न्यायला महिन्याच्या महिन्याला येतो, गावातल्या गुरुजींपेक्षा नेमाने. "आप खुद का दाना नहीं देखते?" मी गमतीने विचारलं. तो म्हणाला, स्वतःचे दाणे स्वतः पाहायचे नसतात. माझ्या माहितीतले सर्जनही स्वतःच्या घरातल्या माणसावर सुरी चालवत नाहीत.

बैठक संपता संपता यानेच हात वर केला. त्याचं कोरकू वळणाचं हिंदी मला जेवढं कळलं ते असं: मी पोरं पाठवतो. पैसे मिळतात, न मिळतात, ते सोडा. पण पोराला काय झालं होतं, तुम्ही काय दिलं, ते जगलं की गेलं, हे मला कोण सांगतं? जगलं तर घरचे म्हणतात दवाखान्याने वाचवलं. गेलं तर माझ्या ओसरीवर येऊन विचारतात, पाठवलं कशाला. आणि गेलेल्याचं पुढचं सगळं मलाच करायचं असतं. तेव्हा मी त्यांना काय सांगू?

खोलीत चुळबुळ झाली. साहेबांनी, चांगली सूचना आहे, असं म्हणून आभार मानले. मैत्रिणीने नंतर रजिस्टर काढून पाहिलं. कोणी पाठवलं याचा रकाना होता. पाठवणाऱ्याला कळवलं का, असा रकाना कुठेच नव्हता. एखाद्या गावच्या डॉक्टरने अमरावतीच्या डॉक्टरकडे पेशंट पाठवला तर निदान सौजन्य म्हणून तरी दोन ओळी परत येतात. इथे दोन ओळी लिहायच्या हे आजवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण पलीकडच्या माणसाला त्या कशाला हव्यात?

तिने लिहायला सुरुवात केली. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, सोप्या हिंदीत: छातीत कफ होता, इतके दिवस सुया दिल्या, पोर घरी गेलं, तेल-राख लावू नका, आठ दिवसांनी दाखवा. फोनवर कळवायचं तर त्याच्या गावात रेंज नाही. आशाताई चिठ्ठी नेते आणि म्हाताऱ्याची आश्रमशाळेतली नात सुटीत आली की वाचून दाखवते; नसली तर आशाताईच. हे सगळ्या भूमकांसाठी ती करत नाही, तेवढा वेळ तिच्याकडे नाही. आणि या एकाने चटके बंद केलेत का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. तो म्हणतो, बंद केलेत. मैत्रीण म्हणते, अलीकडे त्याच्या गावातून आलेल्या पोरांच्या पोटावर ताजे डाग दिसले नाहीत. जुने दिसतात.

आता चिठ्ठीला उलट चिठ्ठी यायला लागली आहे, नातीच्या अक्षरात. त्यातली एक तिने मला फोनवर वाचून दाखवली. भरती असलेल्या पोरासाठी मी दवाखान्यात येऊन दाणे पाहिले तर चालेल का, असं म्हाताऱ्याने विचारलं होतं. वॉर्डात नको. बाहेर, व्हरांड्यात. आई पळून जाणार नाही मग.

मी म्हटलं, चालेल की! तुमच्या ऑफिसात सत्यनारायण होतो, तो कोणाला विचारून होतो? ती म्हणाली, ते वेगळं. मी म्हटलं, कसं वेगळं? मग बराच वेळ आमचं वाजलं. कोणी मोबाईलवर फोटो काढला आणि बातमी झाली, "सरकारी दवाखान्यात भूमका", तर? उद्या दुसरा कोणी विळा घेऊन आला तर त्याला कुठल्या तोंडाने अडवायचं? मी अनुसूचीतलं कलम सांगायला लागले. तिने मधेच तोडलं.

"तू लेख लिहू शकतेस. सही मला करायची असते."

हे मला मान्य करावं लागलं. नाही म्हणून मात्र तिने त्याला अजून कळवलेलं नाही.